साहेबांनी लावून दिलेले धवले

आमच्या वरच्या मजल्यावर एक साहेब राहायचे. नाव सांगत नाही, कारण ते हयात आहेत, आणि आपलं नाव कुठं छापून आलं म्हटल्यावर तो कागद तीन प्रतींत मागतील. एक फायलीला, एक कपाटाला आणि एक "संदर्भासाठी". हा संदर्भ कोणाला लागणार, असं मी एकदा जिन्यात विचारलं होतं. हातात दुधाची पिशवी होती. दूध नासायला आलं तेव्हा सुटले.

अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात ते स्टोअरचे अधिकारी होते. कारखान्याने त्यांना शाल आणि नारळ देऊन घरी पाठवलं, पण स्टोअर ते बरोबर घेऊन आले. त्यांच्या दाराबाहेर फरशीवर पांढऱ्या रंगाने चपलांचे आकार काढलेले होते. एक जोडी साहेबांची, एक वहिनींची, आणि भिंतीकडेला दोन जोड्या, त्यांच्याखाली अक्षरं: "अभ्यागत". तिसरा पाहुणा आला की त्याच्या चपला कुठं ठेवायच्या हा प्रश्न तिसऱ्या पाहुण्याने घरून सोडवून यायचा. स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. साखर चालू. साखर राखीव. वहिनी मला म्हणायच्या, "माझ्यावर चिठ्ठी अजून लागायचीय. चालू की राखीव, ते ठरत नाहीये त्यांचं."

आणि खरेदी. साहेबांची छत्री मोडली त्या वर्षी त्यांनी तीन दुकानांतून भाव आणले, काड्यांची संख्या, दांड्याची लांबी, कापडाचा वास, सगळ्याचा तक्ता केला. छत्री आली तेव्हा आम्ही आकाशकंदील लावत होतो. पण निवड अचूक होती म्हणे. ती छत्री अजून नवी आहे, आणि का नसेल, पुढच्या पावसाळ्यात ती भिजू नये म्हणून ते रिक्षाने जायचे.

हल्ली ते बदलापूरला असतात, मांजर्लीत, लेकीकडे. मागे नदीचं पाणी आत यायला लागलं तेव्हा आख्खी बिल्डिंग हाताला लागेल ते उचलून वर पळाली. साहेब खाली यादी करत उभे, पाणी घोट्याला. वहिनींनी फोनवर सांगितलं, "मी म्हटलं, अहो वर चला. तर म्हणतात, थांब, पाटा-वरवंटा एक नग की दोन?" गंमत अशी की पाणी उतरल्यावर सगळ्यांचं काही ना काही हरवलं होतं आणि यांचा चमचासुद्धा गेला नव्हता. म्हणजे माणसाला वेडा म्हणावं तर तेही जमत नाही, असा हा गृहस्थ.

तर या साहेबांनी माझा कॉम्प्युटर दुरुस्त केला, ती गोष्ट मला सांगायचीय.

मी सातवी पास. बाकीचं शिकले ते ऐकून ऐकून. मुलगा पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. त्याच्यावर आधी मी पत्ते खेळले, मग एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले, आणि मग मला कामच सापडलं. माझी मावशी चामटोलीला असते. ती धवलारीण. आम्हा आगरी लोकांत लग्नाला भटजी असतो तशी धवलारीण असते. हळद लागण्यापासून नवरी वाटेला लागेपर्यंत ती धवले गाते. त्याशिवाय आमच्या जुन्या बायकांना लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही. आता डीजे लागतो, त्याने लग्न लागतं की छाती फुटते ते कळत नाही. मावशीनंतर गाणारी कोणी नव्हती. म्हणून दोन वर्षं मी दर आठवड्याला चामटोलीला जाऊन बसायचे, ती गायची, मी वहीत खरडायचे आणि घरी येऊन टाइप करायचे. टाइप झालं की वहीचं पान रद्दीत. शहाणपणा बघा माझा.

मावशी हसायची. म्हणायची, "लिवून काय करशील गो बाय? गानं तोंडान र्‍हातंय, डब्यान नाय."

तिच्यालेखी कॉम्प्युटर हा डबा होता. त्या डब्यात माझे त्रेपन्न धवले जमले, आणि मावशीला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त "अं अं". म्हणजे त्रेपन्न धवले आता जगात एकाच ठिकाणी होते, माझ्या टेबलावर, आणि तो डबा सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की मी बटण दाबून कुकर लावायचे आणि तीन शिट्ट्यांनी परत यायचे.

त्यात मावशीच्या नातीचं लग्न ठरलं. वैशाखात. पोरगी उल्हासनगरला नोकरी करते, बोलणं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. घरी येऊन म्हणाली, "आत्या, डीजे तो फिक्स है, बाबांचा हट्ट. पण हळदीला धवले पाहिजेत मला, आजीचेवाले. आजीला ऐकू तर येतं ना. तुम्ही गायचे."

मी हो म्हटलं. मावशीच्या देखत तिचे धवले, तेही तिच्याच घरात. नाही कसं म्हणणार? आणि मग जिन्यात साहेबांना म्हणून बसले की कॉम्प्युटर फार रखडतो हो.

साहेबांचे डोळे चमकले. माझ्या घरात आले, खुर्चीत बसले, काहीही सुरू न करता पडद्याकडे बघत म्हणाले, "ताई, हे गोदाम आहे. माल विस्कळीत झालाय. तुमचा एक धवला घ्या. पहिलं कडवं पहिल्या रॅकवर, दुसरं खिडकीपाशी, तिसरं जिन्याखाली. मशीन बिचारं फिरून फिरून एकेक तुकडा आणतं. याला डिफ्रॅग करावं लागेल. म्हणजे तुकडे उचलून जागच्या जागी लावायचे."

मला तर ते ऐकून कसंतरीच झालं. माझी नवरी एका रॅकवर, हळद खिडकीपाशी, आणि नवरदेव जिन्याखाली. म्हटलं, "मग लावा की साहेब."

"लावू. पण कशाने लावायचं, त्याची निवड करावी लागेल."

ही निवड गणपतीत सुरू झाली.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आला. आडवी नऊ सॉफ्टवेअरं, उभे चौदा रकाने. कॉम्प्युटरमध्ये आधीपासून एक सॉफ्टवेअर होतंच, फुकट, एक बटण दाबायचं. ते पहिल्याच दिवशी बाद. "घरच्याच माणसाकडून घरची तपासणी करून घेत नसतात, ताई." दुसऱ्याच्या चित्रात ससा होता. साहेब म्हणाले, गोदामात ससा कशाला? तिसरं तीस दिवस मोफत. "आणि एकतिसाव्या दिवशी? पुन्हा विस्कटणार?" चौथ्याच्या कंपनीला त्यांनी ईमेल केलं की आपला प्रतिनिधी अंबरनाथ पश्चिम येथे प्रात्यक्षिकासाठी सकाळी दहा ते बारा पाठवावा. दोन मिनिटांत उत्तर आलं की आपला निरोप पोचला, आभारी आहोत. साहेबांनी ते छापून घेतलं आणि खाली लिहिलं: "दोन मिनिटांत उत्तर. यांना काम नाही. बाद."

पाचवं मला आवडलं होतं. ते सुरू केलं की रंगीत चौकोन दिसायचे, लाल, निळे, हिरवे, आणि ते आपोआप सरकून रांगोळीसारखे बसायचे. मी म्हटलं, हेच घ्या. साहेब म्हणाले, "ताई, रंगावर जाऊ नका. छत्रीच्या वेळी मी गेलो असतो रंगावर तर आज काय परिस्थिती असती?"

दिवाळी गेली. संक्रांत गेली. कॉम्प्युटर तीन शिट्ट्यांवरून सहावर आला. आणि मग तो वाजायला लागला. कट. कट. कट. जसं कोणी आत बसून सुपारी कातरतंय.

मी घाबरले. साहेबांना म्हटलं, आता दुकानात नेऊ. तेही कबूल झाले, "एक बाहेरचं मत" म्हणून. आम्ही डबा चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने उल्हासनगरला नेला. कॅम्पात एक सिंधी दुकानदार आहे, गिऱ्हाइकाशी एकाच वेळी तीन भाषांत बोलतो. त्याने डबा सुरू केला, कान लावला, आणि माझ्याकडे बघितलं. डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो ना, तसं.

"अम्मा, ये आवाज सुना? हार्डडिस्क जा रही है. आतलं सामान आधी काढून घ्या, आत्ताच देतो मी पेनड्राइव्हमध्ये. फिर नया लगाते हैं, नवीनमध्ये ही डिफ्रॅगची झाडू मारायची भानगडच नसते."

साहेब म्हणाले, "आम्ही डिफ्रॅगचं सॉफ्टवेअर निवडतोय."

"साईं, मत करो. मरत्या माणसाला कोणी पळवतं का?"

साहेबांनी त्याला नऊ सॉफ्टवेअरांचा तक्ता दाखवला. दुकानदाराने तो वरपासून खालपर्यंत वाचला, खरंच वाचला, आणि मला विचारलं, "ये साहब क्या करते थे?" मी म्हटलं, स्टोअरमध्ये होते. तो "अच्छा" म्हणाला आणि त्याने हात जोडले.

मी म्हटलं, "साहेब, घेऊ या का काढून? पाच मिनिटांचं काम आहे म्हणतायत."

"ताई, मोजणी झाल्याशिवाय गोदामातून माल हलत नाही. उद्या यातला एखादा धवला कमी निघाला तर तुम्ही दाद कोणाकडे मागणार? आणि पेनड्राइव्ह म्हणजे काय, दहा घरी जाऊन आलेली वस्तू. शिवाय नवीन डिस्क विकणाराच जुनी मेली म्हणतोय. याचं मत जमेत कसं धरायचं?"

आणि मी मान हलवली. आज मला विचाराल तर माझीच मला लाज वाटते. पण सगळ्या गणपती-दिवाळीत हा माणूस माझ्यासाठी तक्ते आखत होता, स्वतःच्या घरचा चहासुद्धा नको म्हणून कामाला बसत होता. एवढ्या मेहनतीला मूर्खपणा म्हणायला जीभ रेटत नाही. चादरीत गुंडाळून डबा परत आणला.

मग मोजणी सुरू झाली. रोज दुपारी चारला साहेब कच्चे कागद घेऊन बसायचे. मी धवला उघडायचा, मोठ्याने वाचायचा, ते लिहून घेणार. शेवटी एक रकाना: शेरा. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. धवला वाचता येत नाही हो. चालीवर घेतल्याशिवाय पुढची ओळ जिभेवर येतच नाही. मी गायला लागले.

"गाऊ नका, ताई. वाचा."

"येत नाही वाचता. गाऊ का जाऊ?"

"गा. पण सावकाश."

सावकाश म्हणजे एकेक ओळ तीन-चार वेळा. "हलद कुटली उखलान गो, वास गेला मांडवान", हे मी गायचं, साहेबांनी लिहायचं, मग मी परत गायचं, त्यांनी ताडून बघायचं. मधेच कॉम्प्युटर थांबला की तो हलेपर्यंत तेच गात बसायचं. दुसऱ्या एका धवल्यात नवऱ्याची आई दारात बसून दाताने सुपारी फोडते. साहेबांचा शेरा: "सुपारी किती नग, उल्लेख नाही. नवऱ्याची आई दारात का बसली, खुलासा व्हावा." मी म्हटलं, साहेब, सासू आहे ती, ती कुठंही बसेल. त्यांनी तेही लिहून घेतलं.

असे दोन महिने. वहिनी वरून ओरडायच्या, "अहो, आज तरी नवरी निघाली का घरातून?"

त्रेपन्नावा धवला झाला तेव्हा लग्नाला पंधरा दिवस होते. मी म्हटलं, साहेब, आता दुकानात. ते म्हणाले, "आता तर मोजलेला माल आहे. लावूनच पाठवू. निवडसुद्धा झालीय." नऊपैकी कुठलं निवडलं असेल? ते रंगीत चौकोनवालं. चौदा रकान्यांत त्याला सगळ्यांत जास्त गुण पडले होते. साहेबांनी हात धुतले, बटणाला बोट लावलं आणि दाबलं.

चौकोन सरकायला लागले. अकरा टक्के झाले. मग कट कट कट कट, एकदम घाईने, आणि मग तो आवाज बंद. पडदा काळा. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या खोलीत शांतता होती.

दुकानदाराने या वेळी कान लावला नाही. डिस्क हातात घेऊन हलवली, म्हणाला, "घासली गेली, अम्मा. यातून आता काही येणार नाही." साहेब माझ्या मागे उभे होते. आम्ही रिक्षात बसलो. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, रागानेही आणि दुसऱ्याही कशाने.

तीन दिवस ते खाली आले नाहीत. त्यांच्याकडचे कच्चे कागद मागायला वर जायचं माझंही मन होईना. तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या. "तुम्ही जरा वर या हो. यांच्या चपला तीन दिवस रेषेबाहेर आहेत."

मी गेले. खरंच, एक चप्पल इकडे, एक पार अभ्यागतांत. साहेब कॉटवर बसले होते. मला बघून उठले, कपाट उघडलं आणि एक जाडजूड रजिस्टर दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. वर चिठ्ठी: "धवले. नग ५३. पूर्ण."

"रोज सकाळी पक्की प्रत करत होतो," ते म्हणाले. "लग्नात देणार होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, वाचले माझे धवले. रजिस्टर उघडलं. पहिलं पान, "हळद". हळदीची एक ओळ, खाली हळदीची दुसरी ओळ, तिसरी, अशा दोन पानं भरून ओळी. मग "सुपारी". मग "सासू", तिला चार पानं. मग "नवरी, रडताना" आणि "नवरी, न रडताना".

"हे काय, साहेब?"

"लावून दिले. तुमचा माल फार विस्कळीत होता, ताई. एकाच गाण्यात हळद, सुपारी, घोडा, सगळं एकत्र. आता ज्या वस्तूची ओळ ती त्या पानावर. कधीही काढा, लगेच सापडेल."

"आणि ते कच्चे कागद?"

"पक्की प्रत झाली की कच्ची फाडायची असते."

मी कॉटवर बसले. वहिनींनी न विचारता पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन चामटोलीला गेले. मावशी पडून होती. तिला सगळं सांगितलं आणि पहिलं पान वाचून दाखवलं. हळद, हळद, हळद, हळद. मावशीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. कधी नव्हे ती पोट धरून हसत होती. मग तिने चांगल्या हाताने रजिस्टर माझ्या मांडीवरून ढकलून दिलं आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. एक, दोन, एक, दोन. गा.

मी म्हटलं, "हलद कुटली उखलान गो, वास गेला मांडवान." आणि पुढची ओळ आली. कुठून आली मला माहीत नाही. तिच्यामागून तिसरी आली. साहेबांसाठी मी एकेक ओळ इतक्यांदा गायले होते की ती डब्यातून गेली तरी माझ्यातून गेली नव्हती. सगळे नाही आले त्या दिवशी. जिथं अडले तिथं रजिस्टर उघडलं, सासूच्या चार पानांतून हवी ती ओळ शोधली, मावशी "अं" म्हणाली की ती बरोबर, "अंहं" म्हणाली की नाही. आठ दिवस आम्ही तेच केलं. त्रेपन्नातले एकावन्न उभे राहिले. दोन नाही जमले, त्यांच्या ओळी अजून त्या रजिस्टरात कुठं कुठं पडून आहेत.

हळदीच्या दिवशी साहेब चामटोलीला आले. मी बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट, काखेत रजिस्टर, कानाला पेन्सिल. मावशीला खुर्चीत बसवलं होतं, साहेब तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मी गायला लागले, मागे चार जणी ओळ झेलायला होत्या. साहेबांनी रजिस्टर उघडलं, ताडून बघायला.

आता बघा. मी पहिली ओळ हळदीची गायले, त्यांनी पहिलं पान काढलं, टिक केली. दुसरी ओळ सुपारीची. पान तीन. तिसरी घोड्याची. ते साठाव्या पानावर गेले. तोवर मी परत हळदीवर. ते पहिल्या पानाकडे निघाले तर मी सासूपाशी. पानं फडफडतायत, पुढं, मागं, पुढं, कपाळावर घाम, पेन्सिल कानामागून पडली. बायका माझ्याकडे बघायच्या सोडून त्यांच्याकडे बघायला लागल्या. पाटावर बसलेली नवरी, तोंडभर हळद, हळूच म्हणाली, "आत्या, ते अंकल हँग झालेत."

सगळ्या हसल्या. मावशीसुद्धा. साहेबांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट पानावरून खाली खाली सरकत होतं, ओठ हलत होते. गणपतीपासून त्यांनी जे मला समजावून सांगितलं होतं ते आता त्यांच्या मांडीवर चाललं होतं, आणि त्यांना ते दिसत नव्हतं. मला खूप काही बोलता आलं असतं. दोन महिने साठवून ठेवलेलं होतं.

मी तीच ओळ परत घेतली. मागच्या बायकांनीही परत घेतली, त्यांना वाटलं असंच असेल. मी तिसऱ्यांदा घेतली. मावशीने खुर्चीच्या हातावर थाप धरली, एक, दोन, एक, दोन.

साहेबांना पान सापडलं. त्यांनी टिक केली, आणि मान हलवून मला पुढं व्हायची परवानगी दिली.